कोपऱ्यात थांबणारा पिवळा मासा

कॉम्प्युटर त्या दुपारी जे बोलला ते पट्टीकाकांना अजिबात आवडलं नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक करडी चौकट हळूच वर आली. तिच्यात लिहिलं होतं, 'आपला ग्राफिक्स ड्रायव्हर कालबाह्य झाला आहे.' खाली दोन बटणं होती. एकावर 'आता अद्ययावत करा' आणि दुसऱ्यावर 'नंतर आठवण करा'.

काकांना निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. निरोपसमारंभात सगळ्यांनी साधारण हेच सांगितलं होतं, पण निदान हार घालून आणि गोड शब्दांत सांगितलं होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर बसलेलं असताना, स्वतःच्याच विजेवर चालणाऱ्या यंत्राने असं तोंडावर बोलावं हे त्यांना लागलं. ड्रायव्हर म्हणजे पडद्यावरची चित्रं हलवणारा कॉम्प्युटरच्या आतला कुणीतरी कारभारी, इतपत त्यांना ठाऊक होतं. म्हणजे शब्द त्या कारभाऱ्याला उद्देशून होता. तरी काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा एकदा वाचून पाहिलं.

काका हयातभर पाणीपुरवठा खात्यात आरेखक होते. नळांच्या लाइनी, टाक्या, व्हॉल्व यांचे नकाशे काढण्यात जन्म गेला. खिशात अजूनही लहान पट्टी असे. दुसऱ्याच्या घरी गेले तरी भिंतीवरचा तिरका फोटो सरळ केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. स्वतःच्या घरात शिरताना तर ते उंबऱ्यापाशी थांबत, पायाच्या अंगठ्याने पायपुसणं उंबऱ्याला समांतर करत आणि मगच आत येत. बिल्डिंगने त्यांचं नाव पट्टीकाका ठेवलं होतं. हे नाव आदरापोटी पडलंय अशी त्यांची समजूत होती आणि ती मोडायला कुणी धजावलं नव्हतं.

कॉम्प्युटर मूळचा मुलीचा. मुलगी लग्न होऊन गेली आणि हा माहेरीच राहिला. त्यावर कुणी फारसं काही करत नसे, पण त्यात मासे होते. थोडा वेळ हात लावला नाही की पडद्यावर निळं पाणी यायचं. त्यात हलणारं शेवाळ, डाव्या कोपऱ्यात एक पेटी, पेटीचं झाकण उघडलं की वर जाणारे बुडबुडे आणि पाच-सहा मासे. जिन्यावरून घसरून काकूंचा पाय मोडला तेव्हा त्यांची कॉट याच खोलीत टाकली होती आणि आईला बघायला काहीतरी हवं म्हणून मुलीने हे मासे लावून दिले होते. पाय बरा झाला, प्लास्टर गेलं, पण माशांची सवय राहिली. रोज दुपारी काकू खिडकीचे पडदे ओढून घेत, मटार किंवा लोकर असं काहीतरी हातात घेऊन समोर बसत. निळा उजेड भिंतींवर, छतावर, कपाटाच्या आरशात हलत राही. खोलीत गेलं की आपण पाण्याखाली आलो असं वाटे. निवृत्त झाल्यापासून काकाही तिथेच कॉटवर आडवे होत आणि पंख्याची घरघर ऐकता ऐकता कधी तळाला जात ते त्यांना कळत नसे.

एकच गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपे. तो पिवळा मासा. बाकीचे मासे शिस्तीत फिरत. हा मात्र डुलत डुलत पेटीपाशी यायचा आणि बुडबुड्यांत शिरला की थांबायचा. शेपटी अर्धी वळलेली, तोंड जरासं उघडं. क्षणभर तसाच. मग एकदम हिसका बसल्यासारखा पुढे. ज्या माणसाने आयुष्यभर कुठल्याही लाइनीत काही तुंबू दिलं नाही, त्याच्या घरात दर दोन मिनिटांनी हे असं तुंबत होतं.

आणि आता त्याचं कारण लेखी मिळालं होतं. ड्रायव्हर जुना होता.

योगही चांगला होता. काकू आठवडाभर बहिणीकडे गेल्या होत्या. जाताना त्यांनी दूध, कुंड्या, गॅस याबद्दल सूचना दिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आणि अहो, माझ्या माशांना हात लावू नका." काकांनी याचा अर्थ पडद्यावर बोटांचे डाग पाडू नका असा घेतला. नवऱ्यांना असे सोयीचे अर्थ लगेच सुचतात. खरं सांगायचं तर त्यांच्या मनात फार दिवस एक होतं. काकू अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा नेमकं खात्यात मोठ्या टाकीचं काम निघालं होतं आणि काका एक दिवसही घरी राहिले नव्हते. तिच्यासाठी काहीतरी करायचं राहून गेलंय असं त्यांना अधूनमधून वाटे. काय करायचं ते सुचत नसे. आता सुचलं. ती परत येईल, पडदे ओढील, बसेल आणि पिवळा मासा न अडखळता पेटीवरून निघून जाईल. ती चकित होईल. मग आपण सहज म्हणायचं, "अगं, काही नाही, जरा बसलो होतो दुपारी."

त्यांनी 'आता अद्ययावत करा' दाबलं. यंत्राने थोडा विचार केला आणि कळवलं की या यंत्रासाठी नवा ड्रायव्हर उपलब्ध नाही, कृपया कंपनीच्या मदतकेंद्राशी संपर्क साधावा. म्हणजे कालबाह्य आहेस म्हणून आधी टोचायचं आणि नवा माग म्हटलं की हात वर करायचे. काकांना खात्याची आठवण झाली आणि बरंही वाटलं. ही भाषा त्यांना येत होती.

मदतकेंद्राच्या फोनवर बासरी लावलेली होती. ती इतकी मंद आणि लांबलचक होती की काका फोन कानाशी धरून दोनदा डुलकी घेऊन आले. तिसऱ्या डुलकीच्या काठावर एक गोड आवाज म्हणाला, "आपली काय सेवा करू, सर?"

काकांनी पिवळ्या माशापासून सुरुवात केली. आवाजाने खेद व्यक्त केला आणि यंत्राचा अनुक्रमांक मागितला. तो टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या पेटीमागे होता. काका टेबलाखाली शिरले, जाळ्याजळमटांत तोंड घालून आकडे वाचून दाखवले आणि बाहेर येताना टेबलाला डोकं आपटलं. पलीकडे टकटक झाली.

"सर, आपल्या उत्पादनाचं आयुष्य संपलेलं आहे."

"कुणाचं?" काका डोकं चोळत म्हणाले.

"उत्पादनाचं, सर."

"अहो, ते माझ्यासमोर चालू आहे. पंख्याचा आवाज येत नाही का तुम्हाला? थांबा, फोन जवळ नेतो."

"चालू असेल सर. पण आमच्याकडे ते संपलेलं आहे."

पेन्शनच्या कचेरीत आता दरवर्षी जाऊन आपण जिवंत असल्याचं काकांना सिद्ध करावं लागणार होतं. "मी असं करतो," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "याचा हयातीचा दाखला आणून दिला तर चालेल का?"

"तशी सोय सध्या नाही, सर." मग आवाजाला दया आली असावी. जुने ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवर संग्रहात ठेवलेले असतात, असं तो म्हणाला. फक्त ग्राफिक्स कार्डाचा नंबर हवा. तो कार्डावर छापलेला असतो. कार्ड पेटीच्या आत असतं. "आपलं समाधान झालं का, सर?" असं विचारून त्याने उत्तराची वाट न बघता पुन्हा बासरी लावली.

पेटी उघडायला स्क्रू ड्रायव्हर हवा, तो वरच्या मजल्यावरच्या होमिओपॅथ डॉक्टरांकडे होता. डॉक्टर स्क्रू ड्रायव्हर देऊन थांबले असते तर ही गोष्ट लांबली नसती. ते स्वतःच खाली आले. दुपारी त्यांचा दवाखाना बंद असे आणि दुसऱ्याच्या घरचा आजार त्यांना नेहमीच जास्त रंजक वाटे.

"आधी लक्षणं सांगा," खुर्चीत बसत ते म्हणाले. "मासा थांबतो तो उजवीकडून येताना की डावीकडून?"

"उजवीकडून."

"थंडीत जास्त थांबतो की उकाड्यात?"

"ते काही पाहिलं नाही."

"इथेच चुकतं सगळ्यांचं. मुळाशी जायला हवं, काका. आणि एक सांगून ठेवतो, गुण येण्याआधी त्रास वाढतो. घाबरायचं नाही."

काका पहिला स्क्रू फिरवतात न फिरवतात तोच सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे. या गृहस्थांना बिल्डिंगमध्ये कुठेही अवजार हातात घेतलं गेलं की खालच्या मजल्यावर कळत असे. "दुपारच्या वेळात दुरुस्तीचं काम करायचं तर समितीची परवानगी लागते," ते म्हणाले.

"अहो, चार स्क्रू फिरवायचे आहेत."

"ठोकाठोकी?"

"नाही."

"मग तोंडी परवानगी देतो. पण मी समक्ष हजर पाहिजे." आणि सेक्रेटरी दुसऱ्या खुर्चीत बसले. काका स्वतःच्या घरात उभे राहिले.

पेटीचं झाकण निघालं. आत मऊ करड्या धुळीचा थर होता, इतका एकसारखा की काकांना तो पुसवेना. कार्डावरची धूळ त्यांनी रुमालाने टिपली. नंबर छापलेला होता, पण मधला एक आकडा झिजून गेला होता. काकांना तो तीन वाटला आणि आठही वाटला. डॉक्टर म्हणाले तीन. सेक्रेटरी म्हणाले आठ.

"सरळ तीन आहे. डावी बाजू उघडी आहे."

"उघडी नाही, झिजली आहे. जुन्या गोष्टी डावीकडूनच झिजतात."

आयुष्यभर नकाशात एका आकड्यासाठी चार-चार वेळा जागेवर जाऊन मोजणारे पट्टीकाका अशा वेळी खिशातून भिंग काढतील असं कुणालाही वाटेल. पण खोलीत निळसर अंधार होता, पोट भरलेलं होतं, आणि घरात दोन माणसं ठामपणे बोलत असली की तिसऱ्याचा ठामपणा विरघळतो. शेवटी सेक्रेटरींनी त्यांच्या सवयीप्रमाणे प्रश्न मताला टाकला. डॉक्टरांचं तीनला, सेक्रेटरींचं आठला, आणि काकांनी, परवानगी सेक्रेटरींनीच दिलेली म्हणून, भिडेखातर आठला हात वर केला. "आठ हा आकडा बहुमताने मंजूर," सेक्रेटरी म्हणाले. कॉम्प्युटरच्या कार्डाचा नंबर हात वर करून ठरवणारी ती कदाचित पहिलीच बैठक असेल.

आठच्या नंबरचा ड्रायव्हर वेबसाइटवरून उतरवला, बसवला. पडदा काळा झाला. पुन्हा उजळला. तिघं आ वासून बघत राहिले.

सगळं उलटं झालं होतं. अक्षरं डोक्यावर उभी होती. कुणीच हात लावला नाही, तेव्हा थोड्या वेळाने निळं पाणी आलं आणि त्यात सगळेच्या सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. बुडबुडे वरून खाली पडत होते.

काकांचं धाबं दणाणलं. ते खोटे मासे आहेत हे त्यांना कळत होतं. तरी पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. हिने सांगितलं होतं, हात लावू नका.

"म्हटलं नव्हतं," डॉक्टर प्रसन्नपणे म्हणाले, "आधी त्रास वाढतो."

सेक्रेटरी मात्र कृतीचा माणूस. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मॉनिटर उचलला आणि उलटा करून दोन जाड शब्दकोशांमध्ये टेकवून ठेवला. मासे सरळ झाले. "झालं काम," असं म्हणून हात झटकत ते निघून गेले. डॉक्टरांचीही दवाखान्याची वेळ झाली. काका एकटे उरले.

उलट्या मॉनिटरवर काम करणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच माहीत. अक्षरं सरळ दिसत होती, पण चुकीच्या ड्रायव्हरने माउसही फिरवून ठेवला होता. बाण वर न्यायचा तर माउस खाली ओढायचा, डावीकडे जायचं तर उजवीकडे. काका आधी घामाघूम झाले, मग हळूहळू त्यांचा हात सैल पडला आणि त्यांना त्यात एक गुंगी आली. उजवा हात त्यांचा असूनही त्यांचा नव्हता. त्यांनी चुकीचा ड्रायव्हर काढला, संग्रहात पुन्हा गेले आणि तीनच्या नंबरचा शोधला. तो उतरायला लागला. निळी रेघ पडद्यावर इंचाइंचाने सरकत होती, खिडकीचे पडदे ओढलेले होते, पंखा घुमत होता. काका कॉटवर टेकले.

त्यांना स्वप्न पडलं. कचेरी पाण्याखाली होती. नकाशांच्या गुंडाळ्या कपाटातून सुटून शांतपणे तरंगत होत्या. टेबलामागे मोठा करडा मासा साहेबांच्या खुर्चीत बसला होता आणि मान न उचलता म्हणत होता, आमच्याकडे तुमचं आयुष्य संपलेलं आहे. काकांनी खिशातून पट्टी काढून दाखवली, पण ती पाण्यात वाकडी दिसत होती. दाराबाहेर पिवळा मासा उभा होता. आत येत नव्हता, खाली बघत होता. "या ना, आत या," काका म्हणाले. तो काहीतरी नीट करत असल्यासारखा तिथेच थांबला होता. काय ते दिसायच्या आत काका जागे झाले.

ड्रायव्हर बसला होता. पडदा सरळ झाला होता, पण मॉनिटर उलटा असल्यामुळे मासे पुन्हा पोटं वर करून होते. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग शब्दकोश आठवले. त्यांनी मॉनिटर जागच्या जागी बसवला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

काय सुरेख पाणी! आजवर आपण गढूळ पाण्यात बघत होतो असं त्यांना वाटलं. शेवाळाची पात न् पात वेगळी दिसत होती. बुडबुडे वाटोळे. आणि पिवळा मासा उजवीकडून आला, पेटीपाशी पोचला, बुडबुड्यांत शिरला आणि न थांबता निघून गेला. काकांनी खिशातली पट्टी पडद्याला लावून पाहिली. सरळ रेषेत गेला होता.

पुढचे दोन दिवस काकांच्या घरी मासे बघायला माणसं आली. डॉक्टरांनी गुण आल्याचं जाहीर केलं. सेक्रेटरींनी आपला आठचा आकडा सोयीस्करपणे विसरून समितीतर्फे अभिनंदन केलं. काका दर वेळी नम्रपणे म्हणत, "काही नाही हो, जरा बसलो होतो दुपारी." ते वाक्य त्यांना चांगलं बसलं होतं.

काकू आल्या. बॅग ठेवली, पाणी प्यायल्या, बहिणीच्या गुडघ्यांची हकिगत सांगितली. काका हो हो म्हणत होते आणि दर वाक्यागणिक त्या खोलीकडे बघत होते. दुपारी काकूंनी पडदे ओढले आणि मटारची टोपली घेऊन त्या बसल्या. काका कॉटवर डोळे मिटून पडले. म्हणजे एकच डोळा मिटून.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "पाणी किती स्वच्छ झालंय."

काका उशीत हसले.

मग बराच वेळ नुसता शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. पिवळा मासा आला आणि गेला. पुन्हा आला आणि गेला. काकू जरा पुढे वाकून बसल्या. तिसऱ्यांदा तो गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, हा थांबत का नाही?"

"थांबतोय कसला!" काका उठूनच बसले. "दुरुस्त केला त्याला. ड्रायव्हर बदलला. काय सांगू तुला, पेटी उघडली, मॉनिटर उलटा केला..." त्यांनी सगळी कहाणी सांगितली, फक्त मतदान गाळलं.

काकूंनी ती शेवटपर्यंत ऐकली. "बरीच खटपट केलीत हो," त्या म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या, म्हणूनच काकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग टोपली उचलून त्या चहा टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मटार स्वयंपाकघरात सोलले गेले. तिसऱ्या दिवशी लोकर बाल्कनीत गेली. खोलीचे पडदे उघडेच राहिले आणि उन्हात मॉनिटरवरचं पाणी फिकं दिसू लागलं. काका एकटेच कॉटवर पडत, पण त्यांना झोप लागेना. मासे अगदी बिनचूक फिरत होते आणि ते बघायला घरात कुणी नव्हतं.

शेवटी ते बाल्कनीत गेले, तिथली कुंडी कठड्याशी समांतर केली आणि म्हणाले, "माझं काही चुकलं का?"

"नाही हो." सुया थांबल्या. "तुम्ही हसाल."

"नाही हसणार."

काकूंनी विणकाम मांडीवर ठेवलं. "पाय प्लास्टरमध्ये होता ना माझा, तेव्हा दुपार सरता सरत नसे. तुम्ही यायचात दिवेलागणीला. कॉटवरून दार दिसायचं नाही मला. पण जिन्यावर पावलं वाजायची आणि दाराशी आली की थांबायची. तेवढ्यात तुम्ही पायपुसणं सरळ करत असायचात. दुसरं कुणी असं थांबत नाही. तेवढ्यावरून मला कळायचं, हे आले."

काकांनी वळून घराच्या दाराकडे पाहिलं.

"तो पिवळाही तसाच. पेटीपाशी यायचा आणि थांबायचा. अगदी तुमच्यासारखा खाली बघत. मग मी त्याला म्हणायचे, आलात? आणि दिवसभराचं सगळं सांगून टाकायचे. पाय दुखतो, कंटाळा आला, भीती वाटते, सगळं. तुम्ही खरे यायचात तेव्हा इतके दमलेले असायचात, तुम्हाला काय सांगायचं?" त्या हसल्या. "पुढे पाय बरा झाला. पण बोलायची सवय राहिली. आता तो थांबतच नाही. चालत्या माणसाशी काय बोलणार?"

काकांनी आयुष्यात तिला एकदाच काहीतरी द्यायचं ठरवलं होतं, आणि जे तिच्याजवळ होतं तेच काढून घेतलं होतं.

त्याच दुपारी त्यांनी पुन्हा मदतकेंद्राला फोन लावला. बासरी तीच होती, पण या वेळी डुलकी आली नाही.

"आपली काय तक्रार आहे, सर?"

"मासा थांबत नाही."

"म्हणजे सर, तो अडकतोय?"

"अडकत नाही. अडकायला हवा."

पलीकडची टकटक थांबली. "सर, म्हणजे यंत्र नीट चालतंय?"

"उत्तम चालतंय. हीच तक्रार आहे."

"सर, आमच्याकडे तक्रारींचे प्रकार ठरलेले आहेत," आवाज हताशपणे म्हणाला. "यंत्र नीट चालतं, हा त्यात नाही. शिवाय आपल्या उत्पादनाचं आयुष्य..."

"संपलंय. मला माहीत आहे," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

डॉक्टर म्हणाले, "बरा झालेला रोगी पुन्हा आजारी पाडायचा? तसं आमचं शास्त्र बरंचसं त्याच्याच आसपास आहे, पण मला ते जमेल असं वाटत नाही." सेक्रेटरी म्हणाले, अभिनंदनाचा ठराव मागे घ्यायला समितीची खास सभा लागेल.

आता एकच माणूस उरला. जावई. जावई कॉम्प्युटरमध्येच होते, हे सुरुवातीपासून सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. पण सासऱ्याने जावयाला काही विचारायचं म्हणजे सासऱ्याच्या खुर्चीचा एक पाय काढून त्याच्या हातात द्यायचा, अशी काकांची धारणा होती. फोन करायचा तर ते घड्याळात बघून, खुशाली विचारून, हवेबद्दल दोन वाक्यं बोलून ठेवत. त्या संध्याकाळी त्यांनी हवा वगळली.

"मला एक मासा बिघडवायचा आहे," ते म्हणाले. मग, गाठ सुटल्यासारखं, त्यांनी सगळं सांगितलं. प्लास्टर, पायपुसणं आणि मतदानसुद्धा.

जावई हसले नाहीत. "बाबा, आमच्याकडे एक रेडिओ आहे," ते म्हणाले. "लावला की आधी खोकतो. मी दुरुस्त करायला काढला की तुमची मुलगी उचलून कपाटात ठेवते. मी आता विचारणं सोडलंय." मग म्हणाले, "होईल. कॉम्प्युटर असा मोठा बदल करायच्या आधी आपली जुनी अवस्था जपून ठेवतो. आपण तारीख निवडायची, तो त्या दिवसावर परत जातो."

काकांचा चेहरा उजळला. खात्यात नवा नकाशा मंजूर झाला तरी जुना फाडत नसत. गुंडाळून, दोरी बांधून कपाटात वर ठेवत, कारण जमिनीखाली खरी लाइन कुठून गेलीय ते कधीकधी जुन्यालाच ठाऊक असे. काका स्वतः तरुण आरेखकांना हे ओरडून ओरडून सांगत आले होते. स्वतःच्या घरी विसरले, आणि यंत्राने मात्र लक्षात ठेवलं होतं. त्या क्षणी त्यांनी कॉम्प्युटरला 'कालबाह्य'बद्दल माफ करून टाकलं.

जावई फोनवरून सांगत गेले, काका दाबत गेले. पडद्यावर तारखा आल्या. सगळ्या अलीकडच्याच. काकांचं बोट थांबलं. याहून मागची एखादी मिळाली असती तर त्यांना हवी होती. प्लास्टरच्या दिवसांतली कुठलीही चालली असती, नुसती एक दुपार. तिला भीती वाटत होती आणि ती माशाला सांगत होती, तेव्हा आपण टाकीचा व्यास मोजत होतो. "बाबा, आहात ना?" जावयांनी विचारलं. काका आहे म्हणाले आणि त्यांनी मिळत होती ती तारीख निवडली.

यंत्र मागे जायला लागलं. रात्रभर चालू ठेवा, म्हणून जावयांनी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी पडदे ओढले. मॉनिटर पुसला. खालच्या कोपऱ्यातून ती करडी चौकट हळूच वर आली. 'आपला ग्राफिक्स ड्रायव्हर कालबाह्य झाला आहे.' काकांनी तिच्याकडे जुन्या सहकाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं आणि 'नंतर आठवण करा' दाबलं.

"अगं, मटार घेऊन ये इकडे," त्यांनी हाक मारली. "मीही सोलतो."

"तुम्ही?" काकू आतूनच म्हणाल्या. पण टोपली घेऊन आल्या. काका कॉटवर आडवे झाले नाहीत. दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसले. दोघांनी कशाला हात लावला नाही. पंखा घुमत होता. मग निळं पाणी आलं, थोडं गढूळ, पूर्वीसारखं, आणि भिंतींवर उजेड हलायला लागला.

पिवळा मासा उजवीकडून डुलत आला. पेटीचं झाकण उघडलं. तो बुडबुड्यांत शिरला आणि थांबला. शेपटी अर्धी वळलेली, नजर खाली. आता काकांनाही दिसलं, तो पायपुसणं सरळ करत होता.

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आलात?" त्या हळूच पडद्याला म्हणाल्या.

"आलो," शेजारून काका म्हणाले. "सांग, आज काय काय झालं?"